अठरा आठवड्यांचा अभ्यासक्रम

खिडकीच्या जाळीवर पुन्हा रुई बसू लागली आहे. दिग्रसमध्ये कापसाचा हंगाम सुरू झाला हे कुणी कुणाला सांगत नाही. जिनिंग कारखान्याच्या बाजूनं वारा आला की दोन दिवसांत जाळ्या पांढुरक्या होतात, दोरीवरच्या काळ्या कपड्यांवर तंतू दिसू लागतात आणि सरकीचा तेलकट, जरासा कुबट वास स्वयंपाकघरापर्यंत येतो. रस्त्यानं भरलेल्या ट्रॉल्या जातात. वळणावरची बाभूळ जाता-येता थोडा कापूस ओढून घेते आणि महिनाभर भलत्याच ऋतूत फुलल्यासारखी उभी राहते. मी इथल्या शाळेत बत्तीस वर्षं मराठी शिकवलं. या दिवसांत फळ्याखाली साचणारी भुकटी किती खडूची आणि किती कापसाची, हे मला कधी कळलं नाही.

यंदा मात्र रुई मला आधी शुभीच्या पाटीवर दिसली.

पाटी म्हणजे संगणकाला जोडलेली एक सपाट काळी फळी. तिच्यावर खास पेन टेकवला की पडद्यावरच्या गोळ्याला खड्डा पडतो, पेन ओढला की उंचवटा येतो. शुभदा, माझी धाकटी बहीण, पुण्यात वीस वर्षं हेच काम करत होती. खेळांसाठी, जाहिरातींसाठी ती माणसं, जनावरं, राक्षस घडवायची. काम मातीचंच, फक्त माती नाही. मागच्या वर्षी भाद्रपदात ती आजार घेऊन घरी आली आणि माघ सरता सरता गेली. मधले सगळे दिवस कापसाचे होते. त्यामुळे ते दिवस आठवायला गेले की औषधांचा वास येत नाही, सरकीचा येतो.

तिच्या वहीत दोन अभ्यासक्रम आहेत. एक शाईनं लिहिलेला, नऊ आठवड्यांचा. दुसरा त्याच पानांवर पेन्सिलीनं लिहून खोडलेला, अठरा आठवड्यांचा. येत्या रविवारी प्रमिलाबाई आणि इंगळेभाऊ पुन्हा शिकायला येणार आहेत, आणि आता शिकवणारी मी आहे. कोणता शिकवायचा ते ठरत नाही. म्हणून गेले पंधरा दिवस मी नुसती पाटी पुसते आहे. आणि ते न ठरण्याचं कारण मला चांगलं ठाऊक आहे. नऊ आठवड्यांचा जो आहे तो माझ्यामुळे झाला.

*

सुरुवात प्रमिलाबाईंनी केली. मागच्या गल्लीत त्यांचं मूर्तिकाराचं घर. महालक्ष्म्यांचे मुखवटे त्याच करतात, सासूच्या वेळच्या साच्यांतून. साचे झिजत आले होते. दर वर्षी नाकं थोडी बसत होती, ओठांची कड विरत होती. यवतमाळला कुठेतरी त्यांनी संगणकातली वस्तू जशीच्या तशी बाहेर काढणारं यंत्र पाहिलं होतं, आणि शुभी चेहरे करते हे गल्लीभर माहीत होतंच.

"लहान बाई, मले शिकवता का?" त्या दारातूनच म्हणाल्या. "कम्पुटरमधी नाक कोरलं तर थे झिजत नाई म्हणतात."

शुभी एका श्वासात हो म्हणाली. मग संध्याकाळपर्यंत वही पुढ्यात घेऊन बसली आणि पान कोरंच राहिलं.

"ताई, मला हे येतं," ती म्हणाली, "पण कसं यायला लागलं तेच आठवत नाही."

मला ते फार ओळखीचं वाटलं. पहिलीला शिकवायला बसलेला प्रत्येक हुशार माणूस इथेच अडतो. त्याला वाचता येतं. वाचता न येणं कसं असतं ते तो विसरलेला असतो. मी तसं म्हणाले, तर ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तुला काहीच येत नाही ना यातलं? मग तूच शिक. तुझ्या चुका मी लिहून घेते. त्याच क्रमानं धडे लावू."

अशा रीतीनं निवृत्तीनंतर दोन वर्षांनी मी विद्यार्थिनी झाले. दुपारची जेवणं झाली की पुढच्या खोलीत खुर्ची ओढून बसायचं. ती दिवाणावर उशीला टेकून, मांडीवर वही. माझ्या हातून काही बिघडलं की ती पेन्सिल उचलायची. बिघडल्याचं इतकं स्वागत मी शाळेत कधी पाहिलं नव्हतं. कधी केलंही नव्हतं.

मी लगेच नाक करायला घेतलं, ही पहिली चूक. दुसरी म्हणजे गोळ्यावरची जाळी फार बारीक करून घेतली. ही जाळी विरळ असते तोवर मोठा आकार सहज ढकलता येतो; बारीक केली की नुसत्या सुरकुत्या पडतात, डोकं जागचं हलत नाही. "अजून कणीक भिजवली नाहीस आणि पोळीला तूप काहून लावून राहिलीस?" असं ती म्हणाली. तिसरी चूक गुळगुळीत करण्याच्या ब्रशची. मला तो इतका आवडला की जे चुकेल त्यावर मी तोच फिरवत गेले. गाल गेले, हनुवटी गेली, शेवटी साबणाची झिजलेली वडी उरली. शुभीनं लिहिलं: तिसरा आठवडा, गुळगुळीत करणे बंद.

चौथी चूक मी आजही विसरलेले नाही. डोकं जवळून बघायचं म्हणून मी ते मोठं मोठं करत गेले, आणि एकाएकी आत गेले. पडद्यावर चेहरा होता, पण आतून. नाकाच्या जागी खळगा, डोळ्यांच्या जागी आत आलेले दोन फुगवटे, आणि पलीकडे काही नाही. बाहेरून भरीव दिसणारं ते डोकं नुसती कातडी होती, कागदाहूनही पातळ. मी पेन खाली ठेवला.

"घाबरलीस?" शुभी म्हणाली. "सगळेच एकदा आत जातात. मागे ये, हळू."

मी मागे आले आणि चेहरा पुन्हा भरीव झाला. ते तिनं चौथ्या आठवड्यात घातलं: आत जाणे व बाहेर येणे. पुढं, ती नसताना, दिवाणाकडे बघताना मला पुष्कळदा वाटलं आहे की मी आत गेले आहे आणि मागे कसं यायचं ते सांगणारं कुणी नाही.

*

पंधरा दिवसांत अभ्यासक्रम तयार झाला. पेन्सिलीनं, तिच्या बारीक, उजवीकडे झुकलेल्या अक्षरात. पहिला आठवडा, नदीतला गोटा. दुसरा, बटाटा. मग वांगं, त्याचा देठ. मग चपलेचा जोड, तोही वापरलेला. हाताचा पंजा आठव्यात. कान त्याच्यानंतर कधीतरी. चेहरा थेट सोळाव्यात. डावी-उजवी बाजू एकसारखी ठेवणारी सोय असते, ती पंधराव्यात बंद करायची, त्याआधी नाही.

"आधी बंद केली तर गोंधळ उडतो," ती म्हणाली, "आणि नंतरही चालूच ठेवली तर मेलेला चेहरा होतो. दोन्ही बाजू सारख्या असलेलं जिवंत माणूस मी नाही पाहिलं."

ती गेली त्या सकाळी तिची डावी भुवई उजवीपेक्षा जराशी वरच होती, नेहमीसारखी. मी बराच वेळ बघत होते.

मला तो अभ्यासक्रम पटला नाही. बत्तीस वर्षांची सवय बोलली. मोठी माणसं रविवारची कामं सोडून येणार, त्यांना बटाटे कसे चालतील? प्रमिलाबाईंना नाक हवं होतं. त्यांच्या मागोमाग शिकायला तयार झालेले इंगळेभाऊ दातांच्या दवाखान्यांना कवळ्या करून देतात, त्यांना तोंड हवं होतं. पहिल्या दिवशी चेहरा द्यावा, कसाही होऊ दे, गोडी लागेल, मग मागं जाऊन पाया भरून घेता येईल. शुभी मान हलवत राहिली.

"पहिल्या दिवशी चेहरा दिला की माणूस त्याच्यात अडकतो, ताई. मग तो मोडायला तयार नसतो. गोटा मोडताना कुणाला काही वाटत नाही."

"आणि तोवर थांबणार कोण?"

"ज्याला शिकायचं तो थांबेल."

"अठरा आठवडे?"

"अठरा."

तेव्हा मी म्हणाले, "अठरा आठवडे शिकवायला तूही असायला पाहिजेस ना."

हे तोंडातून निसटलं असं मला म्हणता येत नाही. आठवडे मी मनात मोजले होते. आदल्या सोमवारी नागपूरच्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून जे सांगितलं ते शुभीला मी सांगितलं नव्हतं, आणि ते ओझं असं अभ्यासक्रमाच्या भांडणात तिच्या अंगावर टाकलं. बाहेर एक ट्रॅक्टर वळण घेत होता. तो पूर्ण वळून गेला.

"बरोबर आहे," ती म्हणाली. रागानं नाही. शाळेत एखाद्या मुलीला गणितातली चूक दाखवली की ती जशी म्हणते, तसं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वही माझ्या चहाच्या कपाशेजारी होती. पेन्सिल खोडून वर शाईनं नऊ आठवडे लिहिले होते. गोटा नव्हता, बटाटा नव्हता. पहिला आठवडा: चेहरा.

"तुझं ऐकलं," शुभी म्हणाली आणि चहात टोस्ट बुडवला.

*

त्या नऊ रविवारांचा आवाज अजून या खोलीत आहे. तुरीच्या शेंगा आल्या होत्या. मी कोपऱ्यात सोले, म्हणजे हिरवे दाणे, काढत बसायचे, कारण शिकवणीत विद्यार्थी म्हणून मला आता जागा नव्हती, आणि कान त्यांच्याकडे असायचा.

प्रमिलाबाई पेन धरण्याआधी बोटं पाण्यात बुडवायच्या. घरी मातीला हात लावण्याआधी वाटीत बोटं ओली करायची तीस वर्षांची सवय. पहिल्या रविवारी त्यांनी शेजारच्या पिण्याच्या पेल्यातच बोटं घातली आणि पाटीकडे नेली.

"अहो बाई, शॉक लागंल न," इंगळेभाऊ ओरडले.

"तुमच्या कवळीनं नाई लागत थे लोकायले?"

"कवळीत करंट नसते, माय."

"मंग चावतात कशानं?"

शुभी इतकी हसली की तिला खोकला लागला. नंतर तिनं प्रमिलाबाईंपुढे एक रिकामी वाटी ठेवायला सुरुवात केली. त्या कोरड्या वाटीत बोटं बुडवायच्या आणि पेन धरायच्या. त्याशिवाय हात चालत नव्हता. आणि प्रत्येक वेळी विचारायच्या, "मागून पोकळ ठेवलं न?" मुखवटा पोकळच असतो, भट्टीत भरीव वस्तू फुटते. संगणकातला चेहरा मुळातच पोकळ असतो हे कळल्यावर त्यांना एकदम आपलंसं वाटलं. जिथं मी घाबरले होते तिथं त्या निवांत आत-बाहेर करत होत्या.

इंगळेभाऊ आधी दात करायचे. डोकं नाही, जबडा नाही, हवेत तरंगणारे अठ्ठावीस सुंदर दात. "दातांबिगर ओठ टेकवू कशावर?" हा त्यांचा प्रश्न.

सातव्या रविवारी शुभी स्वतः खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "आज माझा चेहरा करा." तोवर ती फार उतरली होती. कानशिलं आत गेली होती, मानेच्या शिरा दिसत होत्या. प्रमिलाबाईंनी वाटीत बोटं बुडवली आणि कामाला लागल्या. त्या वर बघायच्या, खाली बघायच्या, पुन्हा वर बघायच्या. अर्ध्या तासानं पडद्यावर जे उभं राहिलं त्याला भरलेले गाल होते, कानापर्यंत गेलेले डोळे होते, मिटलेले लहान ओठ होते. महालक्ष्मी. त्यांच्या हातानं हजारो वेळा केलेली.

"असं काहून होते?" त्या कावऱ्याबावऱ्या होऊन म्हणाल्या. "म्या तं तुमच्याकडेच पाहून राह्यली होती."

शुभी पडद्यासमोर वाकून बघत राहिली. मग माझ्याकडे वळली.

"ताई, बघ. मी बरी झाले."

सोल्यांचं ताट माझ्या मांडीवर होतं. मी शेंगा सोलत राहिले, सोललेल्याच पुन्हा.

त्या दिवशी ते दोघे गेल्यावर तिनं पेन स्वच्छ पुसून ठेवला आणि सहज म्हणाली, "गोटा करून घ्यायला हवा होता आधी. हात मोकळा झाला असता." तिनं माझं नाव घेतलं नाही. दोष दिला नाही. नववा रविवार झाला आणि त्यानंतर ती दिवाणावरून उठली नाही.

*

या सॉफ्टवेअरमध्ये एक गोष्ट आहे. फाईल उघडली की वरच्या कडेला बारीक घरांची एक ओळ दिसते. प्रत्येक घर म्हणजे पेनाचा एक स्पर्श. मागं मागं जाता येतं, अगदी कोऱ्या गोळ्यापर्यंत, आणि तिथून पुढं सोडलं की स्पर्श एकामागून एक परत उमटू लागतात. मला हे उन्हाळ्यात कळलं. शुभीनं गोट्याची एक फाईल करून ठेवली होती, पहिल्या आठवड्यासाठी, जो आठवडा मग राहिलाच नाही. दुपारी पडदे ओढून मी ती चालवली. गोळा. मग एका बाजूनं दाबला गेला. मग खालून चपटा झाला. मग एक लांब, सावकाश घसट, पाण्यानं केल्यासारखी. पेन धरणारं कुणी नव्हतं आणि गोटा घडत होता.

त्यात वेळ नोंदलेली नसते, फक्त क्रम. दोन स्पर्शांमध्ये ती किती थांबली, पाणी प्यायली का, दुखलं म्हणून डोळे मिटून बसली का, काही कळत नाही. आणि तिनं करून लगेच रद्द केलेलं तिथं नाही. उरलंय ते फक्त ठेवलेलं. मी कितीदा तरी ती फाईल चालवली आहे. वैशाखात रोज. कुणी आलं तर पडदा बंद करायचे, काही चोरून बघत असल्यासारखी.

पेनाला किती जोर लागावा हे संगणकात ठरवता येतं; ते सुद्धा तिच्या हाताचंच राहिलं आहे. शेवटी हातात बळ नव्हतं म्हणून तिनं ते अगदी हलकं करून घेतलं होतं. मी माझ्या हातानं टेकवलं की खोल खड्डा पडतो. तिच्याइतकं हळू धरावं लागतं.

*

दसऱ्यानंतर प्रमिलाबाई आल्या. हातात पिशवी, पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेले तीन मुखवटे. यवतमाळच्या यंत्रातून काढलेल्या साच्यांचे. नाकं धारदार होती. ओठांची कड स्वच्छ होती. मी म्हणाले, छान झालेत.

"छान तं झाले," त्या म्हणाल्या. "पण पाहा न मोठ्या बाई, तिन्ही सारखे. एक गिऱ्हाईक आलं होतं, त्यायच्या घरचा जुना मुखवटा फुटला. तसाच पाहिजे म्हणे, लांबट चेहऱ्याचा. फोटो देल्ला. चार वेळा केला म्या. माह्या हातातून एकच बाई निघून राह्यली." मग म्हणाल्या, "लहान बाईचा केला होता तवाच समजलं मले. बोलली नाई."

मी चहा ठेवला. चहा होईपर्यंत त्यांनी मुखवटे पुन्हा गुंडाळले आणि विचारलं, मोठ्या बाई, तुमी शिकवाल का?

मला जेमतेम हाताच्या पंजापर्यंत येतं. तेच मी सांगितलं. "मंग तिथवर तं शिकवा," त्या म्हणाल्या. "इंगळेभाऊ बी येतो म्हणतात."

तेव्हापासून मी वही घेऊन बसते आहे. शाईचं पान हजर आहे, नीट, पूर्ण; तसंच शिकवलं तर कुणी मला काही विचारणार नाही. ते माझंच म्हणणं आहे, आणि मी जिंकलेलं. आज सकाळी ते पान मी खिडकीशी नेलं आणि तिरकं धरलं. शुभी पेन्सिल दाबून लिहायची. खोडलं तरी कागदाला वळ राहिले होते. शाईच्या ओळींच्या मधून हळूहळू अक्षरं वर येऊ लागली. गोटा. बटाटा. वांगं, व त्याखाली लहान अक्षरात: ताईला देठ जमला नाही, दोन दिवस द्यावेत.

मी एका कोऱ्या पानावर सगळं उतरवलं. नववा आठवडा वाचता आला. दहा ते चौदा आले नाहीत. तिथं ती खोडत असताना कागद विरला आहे. त्या पाच आठवड्यांत तिनं काय ठरवलं होतं ते आता मला कळणार नाही. कान असावा त्यात, इतकंच आठवतं. मी दहाव्यात कान लिहिला. अकराव्यात इंगळेभाऊंसाठी दात, कवळीचे नाहीत, किडलेला आणि पडलेला. बाराव्यात कान पुन्हा, दुसऱ्या माणसाचा. तेरा आणि चौदात उजळणी. शुभीला उजळणी हा शब्द सहन व्हायचा नाही; शाळेतही तिनं ती कधी केली नाही. ती असती तर या दोन आठवड्यांवरून भांडली असती. मी ते तसेच ठेवले.

पंजाच्या पुढचं मला आधी शिकावं लागेल. तिच्या फायली आहेत. घरांच्या त्या ओळी आहेत. आता त्या मला दार लावून बघायच्या नाहीत, वही घेऊन बघायच्या आहेत: इथं काय केलं, इथं काहून केलं.

*

रविवार झाला. दोघे वेळेवर आले. मी नदीतून आणलेला गोटा टेबलावर ठेवला आणि पडद्यावर कोरा गोळा. प्रमिलाबाईंनी गोट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"चेहरा कवा मंग?"

"सोळाव्या आठवड्यात."

इंगळेभाऊंनी बोटांवर हिशेब केला. "म्हणजे होळी तोंडावर येईल, मॅडम."

मी हो म्हणाले. त्यांच्यापैकी कुणी उठलं असतं तरी मी अडवलं नसतं.

"येऊ द्या न होळी," प्रमिलाबाई म्हणाल्या. "आपल्याले कुठं जाचं हाये."

त्यांनी टेबलावरचा गोटा उचलला, उलटा केला, अंगठा फिरवून त्याची खालची बाजू पाहिली, आणि तिथूनच सुरुवात केली.